जवळीक आणि मोकळीक : नात्यांतल्या ताणांचा अभ्यास कुठवर आला?

लग्नाला पंधरा वर्षं झालेल्या बाईला नवरा घरात हवा असतो, आणि तो चार दिवस गावाला गेला की घर आपलं झाल्यासारखंही वाटतं. मुलाने परदेशात शिकावं म्हणून आईवडील कर्ज काढतात, आणि तो तिकडेच स्थिरावला की आतून खचतात. मैत्रिणीजवळ मन मोकळं केल्यावर हलकं वाटतं, आणि घरी परतताना आपण जरा जास्तच बोललो अशी रुखरुखही लागते. अशा वेळी माणूस स्वतःला विचारतो, ‘मला नक्की हवंय तरी काय?’ या प्रश्नात एक गृहीत दडलेलं असतं. दोन इच्छांपैकी एकच खरी असणार, दुसरी म्हणजे मनाचा कमकुवतपणा किंवा नात्यातली खोट.

संवादशास्त्राच्या एका शाखेने गेली जवळजवळ चाळीस वर्षं हे गृहीत तपासलं आहे. तिचं सांगणं असं की दोन्ही इच्छा खऱ्या असतात, त्या एकमेकींना छेद देतात, आणि या छेदाच्या जागीच नातं घडत राहतं. या विचाराला ‘नातेसंबंधांचा द्वंद्वात्मक सिद्धान्त’ म्हणतात. तो कुठून आला, त्याने काय दाखवून दिलं, त्याच्यावर कोणते आक्षेप आले आणि मराठी घरांकडे पाहताना तो किती उपयोगी पडतो, याचा हा आढावा. या सगळ्या अभ्यासातून माझ्या हाती आलेली गोष्ट सुरुवातीलाच सांगते. ‘नात्यात समतोल साधा’ हा आपल्याकडचा लाडका सल्ला अपुरा आहे. ताण तर राहणारच. तपासायचं ते हे की त्याच्या दोन्ही बाजू उघडपणे बोलता येतात का, आणि त्या ताणाचा भार कोण वाहतं.

सरळ चढत्या वाटेची कल्पना

या सिद्धान्ताचं वेगळेपण कळायला त्याच्या आधी काय मानलं जात होतं ते पाहावं लागतं. १९७३ साली अर्विन ऑल्टमन आणि डालमास टेलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की माणसं स्वतःविषयी जसजशी अधिक आणि अधिक खोलवरचं सांगत जातात, तसतसं नातं दृढ होतं. १९७५ साली चार्ल्स बर्गर आणि रिचर्ड कॅलाब्रीज यांनी अनिश्चिततेवर बोट ठेवलं. समोरचा कसा वागेल हे कळत नसल्याने अनोळखी माणसं अस्वस्थ असतात, ती अस्वस्थता कमी करण्यासाठी बोलतात, आणि अंदाज येऊ लागला की ओढ वाढते. १९७८ साली मार्क नॅप यांनी नातं जुळण्याच्या आणि तुटण्याच्या पायऱ्या लावून दाखवल्या.

हे तिन्ही विचार महत्त्वाचे होते आणि आजही शिकवले जातात. पण तिघांच्या तळाशी एकच दिशा होती. अधिक मोकळेपणा, अधिक खात्री, अधिक सहवास म्हणजे अधिक चांगलं नातं. समुपदेशन, मासिकांतले सल्ले, विवाहपूर्व मार्गदर्शन या सगळ्यांत हीच दिशा झिरपली. ‘एकमेकांपासून काही लपवू नका’ हे वाक्य तिथूनच बळकट झालं.

शंका घेणारे मात्र फार आधीपासून होते. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गुपितांवर लिहिताना विवाहाविषयी इशारा दिला होता. जी जोडपी सुरुवातीलाच एकमेकांना सगळं देऊन टाकतात, ती पुढे एक दिवस रिकाम्या हातांनी समोरासमोर उभी राहू शकतात. झिमेल यांच्या मते जिवंत नात्याला काही राखून ठेवलेलंही लागतं. १९४० साली ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी आफ्रिकेतल्या समाजांचा आधार घेऊन थट्टेच्या नात्यांवर निबंध लिहिला. लग्नामुळे दोन कुळं जोडली जातात आणि तरीही वेगळी राहतात. काही आप्तांनी एकमेकांची हक्काने टिंगल करणं आणि काहींनी एकमेकांसमोर येणंही टाळणं, या दोन्ही रिती त्या जोड-तोडीला सांभाळण्याचे मार्ग आहेत, असं त्यांनी दाखवलं. आपल्याकडे दीर-भावजयीची चेष्टा आणि सासऱ्यासमोरचा पदर एकाच घरात नांदत होते, त्याचा अर्थ या निबंधाने चांगला उलगडतो.

पुढे ऑल्टमन यांनी स्वतःच आपल्या सरळ रेषेला वळण दिलं. खासगीपणाचा अभ्यास करताना त्यांना दिसलं की माणसं उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. १९८१ साली सहकाऱ्यांसोबत त्यांनी मांडलं की मोकळेपणा आणि मिटलेपणा, स्थैर्य आणि बदल या जोड्या नात्यात सतत एकत्र चालू असतात. एका अभ्यासकाने आपल्याच गाजलेल्या मांडणीत अशी भर घालावी, याचं मोल मला फार वाटतं.

दस्तयेव्हस्कीच्या कादंबऱ्यांपासून आयोवापर्यंत

सिद्धान्ताला खरा आकार दिला लेस्ली बॅक्स्टर यांनी. १९८८ साली त्यांनी नात्यांच्या वाढीकडे द्वंद्वात्मक नजरेने पाहणारा लेख लिहिला. १९९६ साली बार्बरा माँटगोमेरी यांच्यासोबत केलेल्या ग्रंथात त्याची पूर्ण मांडणी झाली. आयोवा विद्यापीठात काम करताना बॅक्स्टर यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा अभ्यास जोडप्यांपासून सावत्र कुटुंबांपर्यंत, आजारपणापासून दत्तकविधानापर्यंत नेला.

त्यांचा वैचारिक आधार मात्र मानसशास्त्रातला नाही. तो आहे मिखाईल बाख्तिन हा रशियन विचारवंत. १९२९ साली बाख्तिनचं दस्तयेव्हस्कीवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी स्तालिनच्या राजवटीने त्याला शिक्षा सुनावली. कझाकस्तानातल्या कुस्तानाय या गावी त्याला हद्दपारीत राहावं लागलं. पुढे हाडांच्या जुनाट दुखण्यात पाय गमावलेला हा माणूस सारान्स्कच्या महाविद्यालयात शिकवत राहिला, आणि जगाला त्याची नीट ओळख उतारवयात आणि मृत्यूनंतर झाली. दस्तयेव्हस्कीच्या कादंबऱ्यांत प्रत्येक पात्राचा आवाज स्वतंत्र राहतो, लेखक त्यांना एका निष्कर्षात विरघळवत नाही, हे बाख्तिनचं निरीक्षण होतं. भाषेविषयीही तो तेच म्हणतो. एकीकडे भाषेला एका केंद्राकडे ओढणारी शक्ती असते : प्रमाण, अधिकृत, सर्वमान्य. दुसरीकडे तिला केंद्रापासून दूर नेणाऱ्या शक्ती असतात : बोली, व्यवसायांच्या भाषा, पिढ्यांच्या भाषा. प्रत्येक उच्चारलेलं वाक्य या ओढाताणीत जन्मतं.

बॅक्स्टर यांनी हे चित्र नात्यांवर आणलं. आपल्याकडे द्वंद्व म्हटलं की हेगेल आणि मार्क्स आठवतात. तिथे दोन विरोधी बाजूंच्या संघर्षातून तिसरी, वरची अवस्था निर्माण होते. बाख्तिनच्या वाटेने जाताना अशी शेवटची अवस्था नाही. संवाद संपत नाही. आज एक बाजू वर येते, उद्या दुसरी, कधी दोन्ही एकाच वाक्यात बोलतात. म्हणून या सिद्धान्तात ‘सुटलेलं’ नातं नसतं, चालू असलेलं नातं असतं.

आणखी एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. हा ताण एका माणसाच्या मनातला गोंधळ नाही, आणि ‘तिला जवळीक हवी, त्याला मोकळीक’ असं दोन माणसांतलं भांडणही नाही. दोन्ही माणसं दोन्ही ओढींमध्ये असतात. अनेकदा मात्र एक ओढ एकाच्या तोंडी आणि दुसरी दुसऱ्याच्या तोंडी जाऊन बसते, आणि मग आपल्याला ते स्वभावांचं भांडण वाटू लागतं.

तीन मुख्य ताण

१९९६ च्या मांडणीत तीन ताण मध्यवर्ती आहेत, आणि प्रत्येकाला दोन अंगं आहेत : नात्याच्या आतलं, आणि नातं व बाहेरचं जग यांच्यामधलं.

पहिला ताण एकत्र असण्याचा आणि वेगळं असण्याचा. आतल्या बाजूने तो जोडलेपण आणि स्वायत्तता यांत दिसतो. फारच जोडलं गेलं तर माणूस हरवतो, फारच सुटं राहिलं तर नातं हरवतं. बाहेरच्या बाजूने तो जोडप्याने चारचौघांत मिसळणं आणि फक्त दोघांनी असणं यांत दिसतो. नवपरिणीत जोडप्याला प्रत्येक रविवारी कुणाकडे तरी जेवायला जायचं असतं आणि एक तरी रविवार स्वतःचा हवा असतो, ही त्याची साधी खूण.

दुसरा ताण स्थैर्य आणि बदलाचा. जोडीदार अंदाजापलीकडचा असेल तर भीती वाटते, पूर्ण अंदाजातला असेल तर कंटाळा येतो. बाहेरच्या अंगाने तो चारचौघांसारखं असणं आणि आपलं नातं आगळं असणं यांत येतो. नोंदणी विवाहही करायचा आणि आईच्या समाधानासाठी सप्तपदीही, अशी तडजोड करणारी तरुण जोडपी याच ताणाला उत्तर देत असतात.

तिसरा ताण सांगण्याचा आणि राखण्याचा. नात्याच्या आत किती बोलायचं, आणि नात्याविषयी बाहेर किती कळू द्यायचं. आंतरजातीय प्रेम घरी कधी सांगायचं, गर्भ राहिल्याची बातमी किती महिने दाबून ठेवायची, मूल होत नाही हे कोणत्या नातेवाइकाला सांगायचं, या सगळ्या निर्णयांत हा ताण असतो. मोबाइलने त्याला नवे प्रश्न जोडले आहेत. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणता फोटो टाकायचा आणि जोडीदाराला आपलं लोकेशन कायम दिसू द्यायचं का, हे आता घराघरातले वाद आहेत.

ही यादी संपूर्ण आहे असा दावा बॅक्स्टर यांनी केला नाही. उलट, प्रत्येक नात्यात कोणते ताण आहेत हे त्या माणसांच्या बोलण्यातूनच शोधावं, असा त्यांचा आग्रह राहिला.

मैत्री, गुपितं आणि आजारपण

त्याच सुमारास विल्यम रॉलिन्स मैत्रीचा अभ्यास करत होते. १९९२ च्या त्यांच्या पुस्तकात मैत्रीतले ताण फार बारकाईने येतात : मित्रावर अवलंबून असण्याचं आणि नसण्याचं स्वातंत्र्य, जिव्हाळा आणि उपयोग, स्वीकार आणि परखडपणा, मनातलं बोलणं आणि समोरच्याला जपणं. लग्नाला विधी आहेत, कायदा आहे, रक्ताच्या नात्याला वारसा आहे. मैत्रीला यातलं काहीच नसतं, त्यामुळे ती जवळजवळ सगळी बोलण्यावरच उभी असते. म्हणूनच मित्राला पैसे उसने देताना किंवा त्याचा नवा धंदा चालणार नाही हे त्याला सांगताना आपण इतके अडखळतो.

सँड्रा पेट्रोनिओ यांनी खासगी माहितीचा प्रश्न हाती घेतला. १९९१ पासून विकसित होत २००२ च्या पुस्तकात त्यांचा सिद्धान्त पूर्णरूपात आला. माहितीवर माणूस मालकी मानतो, ती कुणाला सांगितली की ऐकणारा तिचा भागीदार होतो, आणि पुढे ती कोण, कुणाला सांगू शकतं याचे नियम दोघांत ठरतात किंवा ठरायचे राहतात. बेबनाव बहुतेक वेळा न ठरलेल्या नियमांतून होतो.

हा विचार आपल्याकडच्या एका नेहमीच्या प्रसंगाला लावून पाहावा. घरातल्या वयस्क माणसाला कर्करोगाचं निदान झालं की अनेकदा ते आधी मुलाला किंवा जावयाला कळतं, आणि ‘बाबांना सांगू नका, खचतील’ असं ठरतं. बाबांना अंदाज येतोच. तेही विचारत नाहीत, कारण मुलांना वाईट वाटेल. दोन्ही बाजू एकमेकांना जपतात आणि दोघांमध्ये न बोललेली गोष्ट वाढत जाते. प्रेम आणि लपवाछपवी इथे एकच असतात. पण माहिती ज्याच्या शरीराची, त्याच्याच हातून तिची मालकी गेलेली असते. आपली दुखणी परदेशातल्या मुलांपासून लपवणारे पुणे-नाशिकचे आईवडील आणि नोकरी गेल्याचं त्यांच्यापासून लपवणारी मुलं याच ताणात जगतात. व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडून ‘इकडे सगळं ठीक’ असं सांगितलं जातं.

याहून कठीण ताण बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अभ्यासला. स्मृतिभ्रंश झालेल्या, शुश्रूषागृहात राहणाऱ्या वृद्ध पतींच्या पत्नींशी ते बोलले. नवरा समोर आहे आणि नाहीही. शरीर तेच, स्पर्श तोच, पण ओळख नाही. कुटुंबांवर काम करणाऱ्या पॉलीन बॉस यांनी अशा नुकसानाला ‘संदिग्ध वियोग’ म्हटलं आहे. या बायकांना आपण पत्नी आहोत की विधवा, हा प्रश्न रोज पडत होता, आणि भूतकाळाविषयी बोलणं, हात धरून बसणं, काही वेळा भेटी कमी करणं अशा वाटांनी त्या दोन्ही सत्यं सांभाळत होत्या. पेज टॉलर यांनी अपत्य गमावलेल्या पालकांच्या अभ्यासात याचं दुसरं टोक पाहिलं. मूल देहाने नाही, पण नातं संपलेलं नाही. त्याच्याविषयी बोलावंसं वाटतं, आणि ऐकणारा अवघडेल म्हणून बोलवत नाही. या अभ्यासांनी सिद्धान्ताला माणुसकीची खोली दिली, असं मला वाटतं. ‘आता सावरायला हवं’ हा सांत्वनाचा सूर अशा वेळी किती उथळ ठरतो, हे त्यांतून कळतं.

ताणाशी लोक कसे वागतात

बॅक्स्टर आणि माँटगोमेरी यांनी माणसं वापरत असलेले मार्ग नोंदवले. काही जण एक बाजू नाकारतात : ‘आमच्यात काही खासगी नाही.’ काही जण गोंधळून हात टेकतात. काही आलटून-पालटून दोन्ही बाजूंना वेळ देतात. काही विषयांची विभागणी करतात : पैशांबद्दल सगळं सांगायचं, जुन्या प्रेमाबद्दल नाही. काही मधला बिंदू गाठतात, जिथे दोन्ही गरजा अर्ध्याच भागतात. काही थोडी नवी मांडणी करून विरोध तात्पुरता विरघळवतात, काही ताण आहे हे मान्य करून त्याच्यासह आनंदाने राहतात. आणि काही असा क्षण किंवा विधी शोधतात, ज्यात दोन्ही बाजू एकाच वेळी पूर्ण बोलतात.

इथे ‘समतोल’ हा आठांपैकी केवळ एक मार्ग आहे, आणि तो फार समाधानाचा नाही, हे लक्षात घ्यायला हवं. अभ्यासात वारंवार दिसलेले मार्ग म्हणजे आलटून-पालटून आणि विभागणी.

मराठी समाजाने हे मार्ग रीतिरिवाजांत बांधून ठेवले होते. माहेरपण हा आलटून-पालटूनचाच मार्ग आहे. सासरी सून, माहेरी लेक. श्रावणात, दिवाळीत, पहिल्या बाळंतपणात ओळख पुन्हा पालटते. उखाणा हा दोन्ही बाजूंना एकत्र आणणारा विधी. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही मर्यादा आणि सगळ्यांसमोर नाव घ्यायलाच हवं हा आग्रह, दोन्ही एका यमकात पाळले जातात. त्यात परंपरेचा साचा असतो आणि आपली ओळ स्वतः रचण्याची मुभाही. जात्यावरच्या ओव्या तर सांगणं आणि राखणं यांचा फार मोठा ठेवा आहेत. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांकडून गोळा झालेल्या या ओव्यांचा संग्रह एक लाखाहून मोठा आहे. घरात ज्या बोलायच्या नाहीत त्या गोष्टी पहाटे दळताना गायला चालत. ऐकू सगळ्यांना जाई, पण ते ‘बोलणं’ मानलं जात नसे.

या रितींचं कौतुक करताना त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. ओवीत दुःख गाता येत होतं, याचाच अर्थ ते ओसरीवर बोलता येत नव्हतं.

२०११ : कोणता आवाज मोठा?

बॅक्स्टर यांनी २०११ च्या पुस्तकात आपल्या सिद्धान्ताची पुनर्मांडणी केली, आणि माझ्या दृष्टीने ही त्याची सर्वांत मोलाची अवस्था आहे. आता त्यांनी ‘गरजां’ऐवजी समाजात फिरणाऱ्या ‘आवाजां’कडे पाहिलं. प्रत्येक नात्यात चांगल्या पत्नीविषयी, कर्त्या मुलाविषयी, खऱ्या मैत्रीविषयी बाहेरून आलेल्या समजुती बोलत असतात. त्यातल्या काही मध्यभागी बसलेल्या असतात, काही कडेला ढकललेल्या. मधल्या समजुती इतक्या स्वाभाविक वाटतात की त्यांना पुरावा द्यावा लागत नाही. कडेच्या समजुतींना मात्र प्रत्येक वेळी स्वतःचं समर्थन करावं लागतं. सत्ता इथे असते.

त्यांनी वाक्याकडे साखळीतल्या एका कडीसारखं पाहिलं. मागे समाजाने आधी बोललेलं असतं आणि या दोघांनी आधी बोललेलं असतं. पुढे समोरचा काय उत्तर देईल याचा अंदाज असतो, आणि त्याही पुढे अनुपस्थित लोकांचा निवाडा असतो. मराठी घरात ही शेवटची कडी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. ‘लोक काय म्हणतील’ या एका वाक्याने कित्येक लग्नं ठरली आणि कित्येक घटस्फोट टळले आहेत.

ही नजर एका मराठी प्रसंगाला लावून पाहू. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत मुलांसारखा हक्क दिला. २००५ साली केंद्राने तो देशभर लागू केला. तरीही वडील गेल्यावर बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करणं ही आजही सर्रास चालणारी रीत आहे. रॉलिन्स यांनी सांगितलेला जिव्हाळा आणि उपयोग यांचा ताण इथे भाऊ-बहिणीत उभा राहतो. बहिणीला जमिनीचा वाटा हवा असू शकतो, आणि भाऊबीजेला हक्काने जाता येईल असं माहेरही हवं असतं. दोन्ही इच्छा खऱ्या. पण ‘माया असलेली बहीण वाटा मागत नाही’ हा आवाज मध्यभागी बसलेला आहे. वाटा मागणाऱ्या बहिणीला कारणं द्यावी लागतात. सगळी जमीन ठेवून घेणाऱ्या भावाला कुणी कारण विचारत नाही. ताण दोघांचा आहे, किंमत एकटी बहीण मोजते. सही करताना तिने आनंदाने केली असं सांगितलं जातं, आणि काही वेळा ते खरंही असतं. पण दुसरं वाक्य बोलायला जागाच नसेल, तर पहिलं वाक्य मनापासूनचं आहे की नाही हे कुणाला कळणार?

आक्षेप आणि दुरुस्त्या

सिद्धान्तावरचे आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला आक्षेप असा की तो पुढे काय घडेल याचं भाकीत करत नाही, म्हणून त्याला सिद्धान्त म्हणावं का. बॅक्स्टर यांचं उत्तर असं की नात्यांचा अर्थ समजून घेण्यासाठी तो नजर देतो, आणि तेवढंच त्याचं काम. मला हे उत्तर पटतं. शिवाय दुसऱ्या वाटेने मोजमाप करणाऱ्यांनाही काहीसं असंच दिसलं आहे. जोडप्यांचा अनेक वर्षं प्रयोगशाळेत अभ्यास केलेल्या जॉन गॉटमन यांच्या मते जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के वाद कधीच सुटत नाहीत. टिकणारी जोडपी ते वाद सोडवत नाहीत, त्यांच्याविषयी बोलत राहतात.

दुसरा आक्षेप अधिक मुळाशी जाणारा आहे. सुरुवातीचं बरंचसं काम अमेरिकी, गोऱ्या, मध्यमवर्गीय आणि बऱ्याचदा महाविद्यालयीन तरुणांवर झालं. तिथे स्वायत्तता म्हणजे स्वतंत्र असणं, आणि नात्याचं एकक म्हणजे दोघं. तुर्की मानसशास्त्रज्ञ चिदेम काइतचिबाशी यांनी यावर नेमकं बोट ठेवलं. त्यांच्या मते इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. आपले निर्णय आपण घेणं ही एक गोष्ट, आणि इतरांपासून अंतर राखणं ही दुसरी. माणूस पूर्ण जोडलेला राहून स्वतःचे निर्णय घेऊ शकतो, आणि एकटा राहूनही दुसऱ्याच्या हुकमात असू शकतो. शहरं वाढली, शिक्षण वाढलं, मुलांच्या कमाईवरचं अवलंबित्व घटलं की कुटुंबं पाश्चात्त्य धर्तीवर सुटी होतीलच असं नाही. पैशांचं अवलंबित्व कमी होऊन भावनिक बांधिलकी तशीच राहू शकते. वेगळ्या फ्लॅटमध्ये राहून रोज फोन करणाऱ्या, आईच्या औषधांचा हिशेब ठेवणाऱ्या आणि तरी आपलं लग्न आपण ठरवणाऱ्या मराठी मुली हेच करत आहेत.

नात्याची रचनाच ताणाचा आकार कसा ठरवते, हे इरावती कर्वे यांच्या १९५३ च्या भारतीय नातेव्यवस्थेवरील ग्रंथात दिसतं. उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी कुळात दिली जाते, म्हणून लेक आणि सून या दोन भूमिका कमालीच्या तुटक असतात. दक्षिणेत आप्तांतच लग्नं होत असल्याने सासू आधीपासून आत्या किंवा मामी असते. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये आहे, अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे. म्हणजे जोडलेपण आणि वेगळेपण यांतला ताण दोन मनांत सुरू होण्याआधीच नातेव्यवस्थेने त्याचं मैदान आखलेलं असतं. आपल्या घरांत हा ताण दोघांत मावत नाही. तो सासू, नणंद, दीर, मुलं, शेतजमीन आणि कुलाचार यांत पसरलेला असतो. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’त विदर्भातल्या देशपांड्यांचा मुंबईकर मुलगा वडिलांच्या मृत्यूनंतर वाड्यात येतो, तेव्हा आत आणि बाहेर, हक्क आणि माया, बोलणं आणि गिळणं असे सगळेच ताण एका छताखाली उभे राहतात. मराठी संवादशास्त्राला अभ्यासासाठी साहित्य शोधत दूर जायची गरज नाही.

तिसरी काळजी सगळ्यांत महत्त्वाची. ‘ताण स्वाभाविक आहे’ हे वाक्य अन्यायाला आडोसा देऊ शकतं. जिथे मारहाण आहे, धाक आहे, फोन तपासला जातो, पगार काढून घेतला जातो, तिथे दोन आवाजांचा संवाद नाही. तिथे एक आवाज गप्प केलेला आहे. त्याला नात्यातली ओढाताण म्हणणं चूक आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा अशाच जागांसाठी आहे. द्वंद्वाचा विचार लागू होण्यासाठी एक किमान अट असते. दुसऱ्या बाजूने बोलल्यास शिक्षा होता कामा नये.

मग हाती काय लागलं?

चार दशकांच्या या अभ्यासातून तीन गोष्टी पक्क्या झाल्या आहेत. एक, जवळीक आणि मोकळीक, खात्री आणि नवेपणा, सांगणं आणि राखणं यांपैकी कोणतीही एक बाजू कायमची जिंकली की नातं दुबळं होतं. दोन, या ताणांना कायमचं उत्तर नसतं, म्हणून पाच वर्षांपूर्वीची तडजोड आज टोचू लागली तर त्यात कुणाचा कमीपणा नाही. मूल झालं, नोकरी बदलली, आई आजारी पडली की जुने करार पुन्हा बोलावेच लागतात. तीन, ताण मनांत असला तरी तो चालतो भाषेतून, आणि भाषा समाजाकडून येते. त्यामुळे घरातली भांडणं कधीच निव्वळ घरातली नसतात.

समुपदेशक, शिक्षक आणि घरातली मोठी माणसं यांनी यातून घ्यावं असं काही आहे. ‘तुम्ही दोघं जरा समजून घ्या’ एवढ्यावर थांबण्याऐवजी विचारावं : इथे दुसरी इच्छा कोणती आहे, जी कुणी बोललेलं नाही? ती बोलली तर कोण काय गमावेल? जोडलेपणाचं सगळं काम एकीकडे आणि मोकळीक सगळी दुसरीकडे गेली आहे का? सुनेला ‘हे तुझंच घर’ म्हणायचं आणि तिच्या नोकरीचा निर्णय तिच्याशिवाय घ्यायचा, मुलाला ‘तू मोठा झालास’ म्हणायचं आणि त्याच्या जोडीदाराला नकार द्यायचा, अशी घरं आजही पुष्कळ आहेत. तिथे प्रेम नाही असं मी म्हणणार नाही. पण दोन वाक्यांपैकी एकाच वाक्याला तिथे अधिकार आहे.

विरोधी इच्छा बाळगल्याबद्दल कुणी स्वतःला दोष देऊ नये, आणि दुसऱ्याच्या विरोधी इच्छेला कुणी कृतघ्नता म्हणू नये. वाटा मागणाऱ्या बहिणीची माया आटलेली नसते. एकटीने चार दिवस राहू पाहणाऱ्या बायकोचा संसार मोडलेला नसतो. निदान स्वतःच्या कानांनी ऐकू इच्छिणारा बाप मुलांवर अविश्वास दाखवत नसतो. नात्यातली अशी दुसरी बाजू ऐकून घेता आली, तर ताण संपणार नाही, पण तो एकट्याने वाहावा लागणार नाही. जवळच्या माणसांकडून आपण मागावं आणि त्यांना द्यावं असं न्यायाचं माप हेच आहे.